जांभळीचं विरजण

रत्नमालाबाईंना आपला जीव जायच्या आत माठ घराबाहेर पोचवायचा होता, आणि त्यांच्या मुलीला, प्रणालीला, तो हलवायचा नव्हता. मायलेकींचं भांडण एवढंच. पण अकोल्याच्या दवाखान्यातून आईला घरी आणल्यापासून ते रोज सकाळी नव्यानं उभं राहत होतं.

"पंचशीलाले निरोप धाडला का?" डोळे उघडल्या उघडल्या रत्नमालाबाईंनी विचारलं.

"कशाचा निरोप?" प्रणाली त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करत म्हणाली.

"येड्यावानी करू नको. माठाचा."

"तू आधी तोंड धू. माठ काही पळून जात नाही."

"माठ नाई जात. मी जाऊन राह्यली."

रत्नमालाबाई हसल्या आणि हसण्यानंच त्यांना धाप लागली. प्रणाली त्यांची पाठ चोळत बसली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, पाय घोट्यापर्यंत सुजलेले. डायलिसिसची सुई टोचायला हाताला धड शीर उरली नव्हती, मानेत बसवलेली नळी पुन्हा पुन्हा पिकत होती. शेवटी डॉक्टरांनी प्रणालीला खोलीबाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं, आता घरी न्या. तहान खूप लागेल, पण पाणी मोजून द्या. जास्त झालं तर ते छातीत साचेल आणि श्वास कोंडेल. तेव्हापासून प्रणाली आईला चमच्याचमच्यानं पाणी देत होती.

आणि ज्या माठावरून भांडण होतं, तो माठ गावाला पाणी पाजणारा होता.

सावरखेडी खारपाणपट्ट्यातलं गाव. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या काळ्याभोर जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, वर येतं ते मीठच. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ कितीही शिजवली तरी दाणा मऊ पडत नाही, आणि पेला वाळला की आत पांढरी कड उरते. पिढ्यान् पिढ्या लोक ते प्याले, आणि गावात घरटी कुणी ना कुणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेलं. प्रणालीचे वडील गेले तेव्हा ती बारावीत होती. पुढं काय शिकायचं ते तिला त्या वर्षी कुणी विचारलं नाही आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. ती रसायनशास्त्र शिकली आणि नागपूरच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली.

पाणी शुद्ध करायच्या सगळ्या तऱ्हा तिच्या रोजच्या हाताखालच्या. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो. वाळूच्या थरांतून सोडलं की उरलासुरला गाळ अडकतो. उकळलं किंवा क्लोरीन टाकलं की जंतू मरतात. पण मीठ म्हणजे गाळही नाही आणि जंतूही नाही. ते पाण्यात विरघळून पाण्यासारखंच झालेलं असतं. उकळलं तर पाणी उडून जातं आणि मीठ उलट दाट होतं. ते काढायला आरओचं यंत्र लागतं, आणि गावात ते एकदा आलंही होतं. त्यातला पडदा इतका बारीक, की दाब देऊन पाणी ढकललं तर पाणी पलीकडं जातं नि मीठ अलीकडं राहतं. मात्र त्याला वीज लागते, आणि जेवढं गोड पाणी मिळतं त्याहून जास्त, आणखी खारट झालेलं पाणी फेकून द्यावं लागतं. ते ओढ्यात जायचं, ओढ्यातून जमिनीत, जमिनीतून पुन्हा विहिरीत. पुढं पडदा बदलायला कुणी आलं नाही. यंत्राच्या खोलीत लोक कडबा ठेवू लागले.

मग जांभळी आली.

समुद्रकाठच्या मिठागरांत कधीकधी पाणी गुलाबी-जांभळं होतं. तो रंग एका सूक्ष्मजीवाचा. इतर जीव जिथं मरतात तिथं, दाट मिठात, तो सुखानं राहतो. त्याच्या पेशीच्या कातडीत प्रकाशावर चालणारे पंप असतात. ऊन पडलं की ते बाहेरचं मीठ आत ओढू लागतात. पुण्याकडच्या काही शास्त्रज्ञांनी या जीवात बदल केले आणि त्याला पडदा विणायला शिकवलं. जिवंत पडदा. तो मीठ स्वतःत ओढून घेतो आणि पाण्याच्या रेणूंना एकेरी वाटेनं पलीकडं जाऊ देतो, आपल्या मूत्रपिंडातल्या पेशी करतात तसंच काहीसं. त्यासाठी दोन मजली माठ केला होता. वरच्या भांड्यात खारं पाणी, वर काचेचं झाकण, मधल्या जाळीवर जांभळा पडदा आणि खालच्या भांड्यात थेंबथेंब साचणारं गोड पाणी. मीठ खाऊन जड झालेले जीव पडद्यावर सायीसारखे धरत. रोज सकाळी ती साय लाकडी पळीनं काढायची आणि प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात टाकायची. वीज नको, यंत्र नको. अंगणातलं ऊन पुरे.

अट एकच होती. वरचं भांडं खाऱ्या पाण्यानं भरलेलं राहिलं पाहिजे. या जिवांची पेशी मिठाच्या दाबावरच तग धरून असते. गोडं पाणी लागलं की ती फुटते.

शास्त्रज्ञांनी पट्ट्यातल्या मोजक्या गावांना माठ दिले, काही वर्षं येऊन तपासण्या केल्या आणि पैसा संपल्यावर यायचे थांबले. तोवर बायांना एक गोष्ट कळून चुकली होती. पडद्याचा जाडसर झालेला काठ कापून दुसऱ्या माठाच्या जाळीवर ठेवला की तिथंही पडदा धरतो. त्या त्याला विरजण म्हणू लागल्या. कुणाची जांभळी बिघडली की शेजारीण वाटीतून विरजण द्यायची. घरोघरी डाळ शिजू लागली. गावातली लहान मुलं खारं पाणी कसं लागतं हे विसरून गेली. रत्नमालाबाईंना जांभळीचं पाणी मिळालं, पण त्याआधीची चाळीस वर्षं कुठं जाणार होती. ती त्यांच्या अंगात आधीच साचलेली होती.

मागच्या उन्हाळ्यात गावात नळ आला. दूरच्या धरणाचं गोड पाणी. लोकांनी नळाला हार घातला, पेढे वाटले. आणि त्याच संध्याकाळी बायांनी नळाचं पाणी नेऊन कौतुकानं जांभळीच्या माठात ओतलं. इतकी वर्षं जिनं खारं पिऊन आपल्याला गोड दिलं, तिलाही एकदा गोड मिळू दे, अशी त्यामागची भावना. सकाळी सगळ्या माठांत गुलाबी पाणी होतं. पडदे विरघळून गेले होते; माठ मिळालेल्या बाकीच्या गावांतूनही हीच बातमी आली. थोड्याच दिवसांत धरणातलं पाणी आटलं आणि नळ कोरडा झाला. पुन्हा बोअर, पुन्हा मीठ.

वाचली ती फक्त रत्नमालाबाईंची जांभळी. त्यात त्यांची हुशारी काही नव्हती. गल्लीच्या टोकाच्या त्यांच्या घरापर्यंत नळाचा पाइप आलाच नव्हता, आणि त्याबद्दल त्या सरपंचाला दारावरून जाता-येता शिव्या घालत होत्या. आता अख्ख्या गावाचं विरजण त्या एका माठात होतं. मात्र उन्हाळ्यानं तिचा पडदाही पातळ झाला होता. काठ जाड व्हायला अजून काही आठवडे हवे होते. आधी कापला असता तर विरजणही गेलं असतं आणि जांभळीही.

रत्नमालाबाईंकडं तेवढे आठवडे नव्हते, आणि घरात माणूस गेलं की घरातलं सगळं पाणी ओतून देतात. हंडे, कळशा, घागरी, रांजण, सगळं पालथं घालून राखेनं घासतात. माठ असेल तर फोडतात.

"मी कुणाला ओतू देणार नाही," प्रणालीनं सांगितलं होतं. "मी समजावीन त्यांना."

"तवा तुले समजावाले सुचन काय?" रत्नमालाबाईंनी विचारलं होतं.

ते खरं आहे की नाही, हे पाहायला प्रणाली त्या दुपारी मोठ्या मायकडं गेली. मोठी माय म्हणजे तिच्या थोरल्या काकांची बायको, सुलोचनाबाई. गल्लीतल्या सगळ्या गावंडे भावकीत त्यांचा शब्द चालायचा. त्या ओसरीवर तूर पाखडत होत्या.

"मोठी माय, आईचं काही झालं तर तो माठ ओतायचा नाही. तुम्ही बायांना सांगून ठेवा."

सुलोचनाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"सांगीन व मी. मले का समजत नाई? माह्या नातवाले त्या बोअरच्या पान्यानं हगवन लागली हाय." त्यांनी सुपातली तूर हातानं सारखी केली. "पन माय माहे, तवा कोनाचं डोकं जाग्यावर रायते? तुह्या बाबाच्या टायमाले पाह्यलं न मी. म्या सोता पानी ओतलं, अन् कवा ओतलं ते मलेच याद नाई. हात आपोआप चालते."

"मग तुमच्या घरी ठेवू का?"

"माह्या घरी सुतक नाई पडत काय? आपली अख्खी गल्ली एकच भावकी. तुह्या घरचं ओतलं की माह्याबी घरचं ओतनं आलं." सुलोचनाबाईंनी सूप पुन्हा हाती घेतलं, पण पाखडलं नाही. "रत्ना काय म्हनते?"

"पंचशीला मावशीकडं पोचव म्हणते."

पंचशीला तायडे गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत राहायच्या. अंगणवाडी चालवता चालवता त्यांची नि रत्नमालाबाईंची दोस्ती झालेली. सुलोचनाबाई बराच वेळ तुरीत खडे शोधत राहिल्या.

"मंग गावानं विरजन तिच्या दारात जाऊन आनाव म्हनते रत्ना."

"त्यांच्याकडं सुतक पाळत नाहीत. पाणी ओतत नाहीत."

"हाव. ते बी खरं हाय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "रत्नानं आयुष्यभर मले असंच केलं. मी नाई म्हनू शकत नाई, असंच मांगते."

प्रणाली घरी परतली तेव्हा तिच्याजवळ एकही सबब उरली नव्हती. तरी तिनं माठ हलवला नाही. अंगणात जाऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. दुपारच्या उन्हात काचेखालचा पडदा पिकल्या जांभळासारखा दिसत होता. माठ दाराबाहेर गेला की मग या घरात फक्त वाट बघणं उरणार होतं. आपण आईच्या मरणाची तयारी करतो आहोत, हे आपल्याच हातांनी सांगितल्यासारखं होणार होतं. तिनं वरचं भांडं बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरलं आणि आत आली.

रत्नमालाबाई छताकडं बघत पडल्या होत्या. ओठ फुटून पापुद्रे निघालेले.

"प्रणू, पानी दे."

"आत्ताच दिलं ना. अजून थोड्या वेळानं."

"चमच्यानं नको. पेल्यानं दे. पुरा पेला."

"आई, ते छातीत साचेल. श्वास घेता येणार नाही तुला."

"पूर्ण गावाले पानी पाजलं म्या. घरची पोरगी पानी खात्यात साहेबीन. अन् मले पेलाभर नाई." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारात कुणी वजनात मारलं तर बोलतात तसा एक स्वर होता.

"साहेबीन नाही मी. बाटल्या तपासते."

"मंग बाटलीच दे एखांदी."

प्रणालीला हसू आलं. तिनं कापूस पाण्यात भिजवला आणि आईच्या ओठांवरून फिरवला. रत्नमालाबाईंनी जिभेनं तो ओलावा गोळा केला, लहान बाळं करतात तसा. मग त्यांनी मुलीचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"पेलाबी नाई देत. माठबी नाई हालवत. एक त कर माह्यं."

प्रणालीनं दुसऱ्या हातानं कापूस बाजूला ठेवला.

"माठ घरात ठेवला म्हनून मी राहीन काय व?"

"नाही," प्रणाली म्हणाली. हा शब्द तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा उच्चारला होता.

"मंग?"

"उद्या सकाळी हलवते."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पंचशीलाबाई आल्या. येताना एक लांब बांबू आणि जाड चादर घेऊन आल्या. आधी त्या आत जाऊन रत्नमालाबाईंच्या उशाशी बसल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते प्रणालीला ऐकू आलं नाही. पंचशीलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम कामाचंच बोलल्या.

"खालचं पानी काढून घे. वझं कमी होईन. वरचं तसंच राहू दे."

प्रणालीनं खालच्या भांड्यातलं गोड पाणी तांब्यात काढलं आणि तांब्या आईच्या खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवला. दोघींनी मिळून माठ चादरीत घेतला, चादरीची टोकं बांबूला बांधली आणि तान्ह्या मुलाची झोळी न्यावी तसा तो खांद्यावर घेतला. सुलोचनाबाई रत्नमालाबाईंजवळ बसायला आल्या होत्या.

"मी लवकर येते आई," प्रणाली दारातून म्हणाली.

"दमानं जाय. हिंदकळू नको देऊ," रत्नमालाबाई म्हणाल्या.

दमानंच जावं लागलं. माठ जरा कलला असता तर पडदा जाळीवरून सुटला असता. गल्लीत दगड, पुढं नाली, मग देवळासमोरचा उतार. पंचशीलाबाई पुढं, प्रणाली मागं. एक पाऊल टाकायचं, माठ स्थिर होऊ द्यायचा, मग दुसरं. रस्त्यात लोक बाजूला होत होते. कुणी विचारलं नाही काय नेताय म्हणून. सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा अर्थही माहीत होता. किराणा दुकानाशी एकानं मोटारसायकल बंद केली आणि त्या दोघी पुढं जाईपर्यंत हातानं धरून उभा राहिला. प्रणालीला घाई करायची होती आणि घाई करता येत नव्हती. सगळ्या वाटेत तिची नजर चादरीतून दिसणाऱ्या पाण्याच्या रेषेवर होती.

पंचशीलाबाईंच्या अंगणात त्यांनी माठ उतरवला. पाटावर ठेवला, पातळी बघितली, काच उजेडाकडं वळवली. पडदा जाळीवर जसाच्या तसा होता.

"टिकली," पंचशीलाबाई म्हणाल्या. "आता जाय तू. पाय उचल."

परतताना प्रणाली धावत होती. देवळाचा उतार चढताना तिला गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या. काही करत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. मग तिनं धावणं सोडलं.

सुलोचनाबाई खाटेशीच होत्या. रत्नमालाबाईंचे डोळे त्यांनी मिटले होते. उशाशी पितळी पेला होता. रिकामा.

"तुले हाक नाई मारली तिनं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तू गेली अन् तिनं पानी मांगतलं. पेलाभर. म्या म्हनलं, प्रणू मले रागवन. त रत्ना म्हने, ते यायच्या आंधी दे." त्यांनी उशाशीचा पेला जरा बाजूला सरकवला. "म्या देल्लं. एका दमात पेली. डोये मिटून म्हने, गोड हाय. मंग धाप लागली. लय नाई लागली."

प्रणाली खाटेच्या कडेला बसली. आईच्या हनुवटीवर एक थेंब अजून वाळायचा होता. आपण घरात असतो तर हा पेला दिला नसता, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. आपण दिला नसता.

"म्या चुकली काय व?" सुलोचनाबाईंनी विचारलं. या बाईनं जन्मात कुणाला असं विचारलेलं प्रणालीनं ऐकलं नव्हतं.

"नाही मोठी माय."

बाहेर अंगणात घागर पालथी केल्याचा आवाज आला. मग दुसरी. सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, हात आपोआप चालले होते. रांजण, बादली, हंडा, कोनाड्यातला तांब्या. मोरीतून पाणी वाहत अंगणात आलं आणि माठ ठेवायच्या मोकळ्या जागेवरून रस्त्याला लागलं. प्रणालीनं कुणाला अडवलं नाही. अडवण्यासारखं घरात काही राहिलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर पंचशीलाबाईंनी तिला बोलावून घेतलं. जांभळीचा काठ जाड झाला होता. वस्तीतल्या त्या छोट्या अंगणात गावातल्या बाया झाकणाच्या वाट्या घेऊन आलेल्या होत्या. काहींनी या अंगणात पहिल्यांदाच पाऊल ठेवलेलं, त्यामुळं उभं कुठं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. सुलोचनाबाई कुंपणाशी रेंगाळत होत्या. पंचशीलाबाईंनी हाक मारली, "या न बाई, आत या. उन्हात काऊन उभ्या?" तेव्हा त्या आत आल्या आणि सगळ्यांच्या आधी खाली बसल्या. पंचशीलाबाईंनी धारदार पट्टीनं काठाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा खाऱ्या पाण्यासकट वाटीत गेला. दुपारपर्यंत गावातल्या निम्म्या घरांत जांभळी पोचली.

सगळ्या गेल्यावर पंचशीलाबाईंनी एक स्टीलचा डबा प्रणालीपुढं केला.

"हे तुहं. तुह्या मायचं हाय, त तिच्या लेकीकडं पायजे. नागपुराले घेऊन जाय."

प्रणाली डब्याकडं पाहत राहिली. नागपूरच्या नळाला धरणाचं गोड पाणी येतं. ते गोड आहे, स्वच्छ आहे, यावर तीच रोज सही करते. त्या पाण्यात हा तुकडा एक रात्रही जगणार नव्हता. गावातलं घर तर आता कुलपातच राहणार. तिथं रोज साय काढायला आणि खारं पाणी भरायला कुणी नव्हतं. हे तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. पंचशीलाबाईंना ते समजलंही असतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच तर आपल्या हातांनी आपली जांभळी गोड पाण्यात घालवली होती. पण त्या दोन्ही हातांनी डबा पुढं धरून उभ्या होत्या.

"मी देते का नाई, ते रत्ना वरून पाहून राह्यली असन," त्या म्हणाल्या.

प्रणालीनं डबा घेतला.

नागपूरला पोचल्यावर तिनं आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत माठ मांडला. गावातल्या कुंभारानं विकलेला, नवा, दोन मजली. नळाचं पाणी तिनं पातेल्यात काढून दिवसभर उन्हात ठेवलं, त्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून. तोही जांभळीला चालला नसता. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिनं मिठाची बरणी घेतली. तराजूवर मोजून पाण्यात मीठ घातलं. खायचा सोडा घातला. औषधाच्या दुकानातून आणलेलं मॅग्नेशियमचं मीठ घातलं. त्यात थोडा चुना. कॉलेजात असताना तिनं आपल्याच बोअरचं पाणी तपासलं होतं, त्यातलं कशाचं किती ते तिला आठवत होतं. ढवळलं, बोट बुडवलं आणि चाखून बघितलं. नुसतंच खारट लागलं. सोडा वाढवला. पुन्हा चाखलं. आता थोडं तुरट, पण अजून नाही. चुन्याची आणखी चिमूट टाकली.

चौथ्या की पाचव्या खेपेला ते जमलं.

जिभेला लागताक्षणी ते तिनं ओळखलं. शाळेतून आल्यावर घटाघटा प्यायलेलं पाणी. न शिजलेल्या डाळीचं, पेल्याच्या पांढऱ्या कडेचं पाणी. वडील शेतात नेत ते. आईनं तिला पोटात वाढवताना प्यायलेलं. ज्या पाण्यानं दोघांनाही नेलं ते पाणी, जे काढून टाकायला ती शिकली होती, ते तिनं चांगल्या गोड्या पाण्यातून आपल्या हातानं बनवलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग पातेलं उचलून बाल्कनीत गेली, डब्यातला तुकडा माठाच्या जाळीवर ठेवला आणि वरचं भांडं काठोकाठ भरलं. वर काच ठेवली आणि ती उन्हाकडं वळवली.

आठवड्याभरानं पंचशीलाबाईंचा फोन आला. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या. सुलोचनाबाईंच्या नातवाची हगवण थांबली होती. जांभळी सगळ्यांकडं धरली होती, एक बोरकरांची सोडून, त्यांनी सावलीत ठेवला होता माठ.

"अन् तुही?"

प्रणाली ओट्यापाशी होती. उद्याचं पाणी तयार करायचं होतं. हाताला चुना आणि मीठ लागलं होतं.

"लागली मावशी. साय येते रोज."

"असं काय? मले त उगाच धाक होता." पंचशीलाबाईंच्या आवाजात समाधान होतं. मग त्यांना काहीतरी सुचलं. "पन तिकडचं पानी त गोडं न व? का तिकडंबी खारं हाय?"

प्रणालीनं पातेल्यातलं पाणी एकदा ढवळलं.

"हाव मावशी," ती म्हणाली. "आपल्या गावच्यासारखंच हाय. खारं."